पाच विजेतेपदं, पण कुणाची?

युरोव्हिजन या युरोपातल्या वार्षिक गीतस्पर्धेचा तक्ता उघडला की लक्झेंबर्गच्या नावापुढे पाच विजेतेपदं दिसतात. १९६१, १९६५, १९७२, १९७३ आणि १९८३. इटलीसारख्या गाण्यात मुरलेल्या देशाला आजवर तीन मिळाली, जर्मनीला दोन. लक्झेंबर्ग क्षेत्रफळाने आपल्या गोव्याहूनही लहान. पहिलं विजेतेपद मिळालं तेव्हा तिथली लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर होती. दरवर्षी मे महिन्यात स्पर्धा आली की कुणीतरी हा तक्ता पुढे करतं आणि ‘एवढासा देश, पण केवढी कामगिरी’ म्हणून कौतुक करतं. ते वाचून मी अस्वस्थ होतो. माझ्या मते यातलं एकही विजेतेपद लक्झेंबर्गचं नाही. लक्झेंबर्गची खरी कामगिरी त्याच तक्त्याच्या तळाशी, कुणी बघत नाही त्या ओळींत आहे.

हे मी दुरून बोलत नाही. माझी मुलगी आणि जावई लक्झेंबर्ग शहरात नोकरी करतात. निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने मी आणि पत्नी तिकडे असतो. त्याआधी सगळी नोकरी आकाशवाणीत झाली, तीही बरीचशी संगीत विभागात. त्यामुळे गाणं कुणी गायलं, कुणी बसवलं, कुणाच्या पैशाने ते हवेत गेलं, हे प्रश्न माझ्या डोक्यात आपोआप येतात. ते या पाच विजेतेपदांना लावून पाहिले तेव्हा चित्र वेगळंच दिसू लागलं.

१९६१चा विजेता जाँ-क्लोद पास्काल फ्रेंच. १९६५ची फ्रान्स गाल फ्रेंच, तेव्हा सतरा वर्षांची, आणि तिचं गाणं सर्ज गेन्सबूर या पक्क्या पॅरिसवाल्याचं. १९७२ची व्हिकी लिआंद्रोस जन्माने ग्रीक, वाढलेली जर्मनीत. १९७३ची आन-मारी दाविद फ्रेंच, १९८३ची कोरीन एर्मेसही फ्रेंच. पाचांपैकी एकही लक्झेंबर्गची नाही. पाचही गाणी फ्रेंचमध्ये. नियमांत हे बसत होतं आणि आजही बसतं, कारण गायक त्याच देशाचा असावा अशी अट युरोव्हिजनमध्ये नाही. १९८८ साली स्वित्झर्लंडला जिंकून देणारी सेलीन दिओन कॅनडाची होती. पण एखाद्या देशाने एकदा पाहुणा बोलावणं वेगळं आणि पाचही वेळा घरातला कुणीच नसणं वेगळं.

असं का झालं, याचं उत्तर रेडिओत आहे. युरोव्हिजनमध्ये देश उतरतो असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात त्या देशाची प्रसारण संस्था उतरते. बहुतेक देशांत ती सरकारी किंवा सार्वजनिक असते. लक्झेंबर्गमध्ये मात्र ती खासगी कंपनी होती. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये बीबीसीची मक्तेदारी होती, जाहिरातींना तिथे जागा नव्हती. पुढे फ्रान्सनेही आपल्या हद्दीत खासगी रेडिओला बंदी केली. लक्झेंबर्गने एका खासगी कंपनीला परवाना दिला, युंगलिन्स्टर या गावाजवळ प्रचंड ताकदीचा ट्रान्समीटर उभा राहिला आणि रेडिओ लक्झेंबर्ग शेजाऱ्यांच्या घराघरांत ऐकू जाऊ लागला. रात्री मध्यम लहरींवर २०८ मीटरला इंग्रजी कार्यक्रम लागत. ब्रिटनच्या एका अख्ख्या पिढीला पॉप संगीताची गोडी त्यानेच लावली. भांडवल मुख्यतः फ्रेंच आणि बेल्जियन. फ्रेंच कार्यक्रमांचे स्टुडिओ पॅरिसमध्ये, र्‍यु बायार या रस्त्यावर. श्रोते फ्रान्सचे, जाहिरातदार फ्रान्सचे, गायकही फ्रान्सचेच.

माझ्या वयाच्या मराठी वाचकाला इथे रेडिओ सिलोन आठवल्यावाचून राहणार नाही. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेले, शास्त्रीय संगीताचे जाणकार. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं मागे सारली गेली आणि श्रोते कोलंबोकडे वळले. बुधवारी रात्री आठला ‘बिनाका गीतमाला’ लागली की गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून अमीन सयानींचाच आवाज. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायच्या. गाणी आपली, गायक आपले, साबण-टूथपेस्टच्या जाहिराती आपल्या, ऐकणारे आपण. सिलोनचा होता तो फक्त ट्रान्समीटर. लताबाईंची गाणी सिलोनची, असं कुणाच्या मनातही आलं नाही. लक्झेंबर्गच्या बाबतीत मात्र नेमकी तीच गोष्ट गेली साठ वर्षं बिनदिक्कत बोलली जाते, कारण तिथे ट्रान्समीटरच्या मालकाने देशाच्या नावाची पाटी लावून स्पर्धेत भाग घेतला.

कंपनीला मी दोष देत नाही. तिने आपलं काम उत्तम केलं, आणि गाणी निवडण्यात तिचा कान तयार होता हे कबूल करायलाच हवं. १९६७ साली तिने व्हिकी लिआंद्रोसला पाठवलं तेव्हा ती चौथी आली. पण त्या गाण्याची पॉल मोरियाने बसवलेली वाद्यवृंदाची धून पुढच्या वर्षी अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. ‘लव्ह इज ब्लू’ या नावाने ती आपल्याकडेही पोचली. मी ती कॉलेजात असताना एका मित्राच्या घरच्या रेकॉर्डवर ऐकली आणि आजही कुठे लागली तर पाय थबकतो. फ्रान्स गालच्या गाण्याने तर स्पर्धेचा सूरच बदलला. तोवर संथ, गंभीर प्रेमगीतांचा तो मामला होता. तिच्या त्या धावत्या ठेक्याने तरुण पोरांचं संगीत त्या मंचावर आणलं. हे श्रेय खरं आहे. फक्त ते ज्याचं त्याला द्यावं.

आता ज्यांच्याबद्दल लिहायचं म्हणून हा लेख हाती घेतला, त्या माणसाकडे येतो. कामिलो फेल्गेन. लक्झेंबर्गचा माणूस, रेडिओ लक्झेंबर्गच्या जर्मन विभागाचा लाडका निवेदक, आणि गायकही. १९५६ साली लुगानोला पहिली स्पर्धा झाली तेव्हापासून लक्झेंबर्ग त्यात होता, पण सुरुवातीची वर्षं बाहेरचेच गायक गेले. १९६० साली लंडनला फेल्गेन उभे राहिले आणि लक्झेंबर्गिशमध्ये गायले. युरोव्हिजनच्या मंचावर ही भाषा तेव्हा पहिल्यांदा ऐकू आली. तेरा देशांत ते शेवटचे आले. एकूण गुण एक.

त्या एका गुणाकडे मी पुन्हा पुन्हा जातो. लक्झेंबर्गिश ही तेव्हा घरात, बाजारात, शेतावर बोलायची भाषा होती. कचेरीचं काम फ्रेंचमध्ये, वर्तमानपत्रं प्रामुख्याने जर्मनमध्ये. कायद्याने तिला राष्ट्रभाषा म्हणायला १९८४ साल उजाडावं लागलं. अशा भाषेत, स्वतःच्या देशाच्या नावाने, युरोपभरच्या दूरचित्रवाणीसमोर एक माणूस गायला. परीक्षकांना शब्द कळले नाहीत, चाल साधी वाटली असेल, जे काही असेल ते. पुढच्याच वर्षी कंपनीने पास्कालला कान येथे पाठवलं आणि पहिलं विजेतेपद आलं. धडा घेतला गेला तो असा की आपल्या भाषेने हार होते आणि पॅरिसच्या गाण्याने जीत. १९६२ साली स्पर्धा लक्झेंबर्गमध्येच, शहराच्या बागेतल्या व्हिला लुव्हिन्यी या रेडिओच्या इमारतीत झाली. यजमान देशाचे गायक म्हणून पुन्हा फेल्गेनच उभे राहिले, पण या वेळी फ्रेंच गाणं घेऊन. तिसरे आले.

हा माणूस भाषांच्या मधोमध जगला. १९६४ साली बीटल्सनी पॅरिसला आपली दोन गाणी जर्मनमध्ये ध्वनिमुद्रित केली, त्यांचे जर्मन शब्द टोपणनावाने लिहिले ते फेल्गेननीच. जर्मन श्रोत्यांसाठी जर्मन, स्पर्धेसाठी फ्रेंच, आणि स्वतःच्या भाषेत एकदा गायले त्याचा एक गुण. पास्काल, गाल, लिआंद्रोस ही नावं तुम्हाला युरोपभर ऐकू येतील. फेल्गेनचं नाव माझ्या मुलीच्या लक्झेंबर्गी सहकाऱ्यांपैकीही अनेकांनी ऐकलेलं नव्हतं. ते २००५ साली गेले.

त्यानंतरच्या कहाणीतही देश आणि कंपनी यांतलं अंतर जागोजागी उघडं पडतं. १९७२ आणि १९७३ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं आली. जिंकणाऱ्याने पुढच्या वर्षी यजमान व्हायचं ही प्रथा. १९७३ची स्पर्धा लक्झेंबर्गने भरवली, पण १९७४ला खर्च झेपणार नाही म्हणून नकार दिला. स्पर्धा ब्रायटनला गेली आणि तिथे स्वीडनचा आबा हा गट जिंकला. पुढची सगळी वर्षं गायक कुठून कुठून आले: अमेरिकेतून, कॅनडातून, स्पेनमधून, बेल्जियममधून. लारा फाबियान १९८८ साली लक्झेंबर्गसाठी गायली, ती बेल्जियमची. मोनिक मेल्सेनसारखी घरची मुलगी १९७१ला गेली खरी, पण अशी नावं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच. १९५६ ते १९९३ या काळात लक्झेंबर्ग सदतीस वेळा उतरला. त्यात पूर्णपणे लक्झेंबर्गिशमधलं गाणं किती वेळा? दोनदा. फेल्गेन १९६०मध्ये आणि मॅरियन वेल्टर १९९२मध्ये. १९९३च्या गाण्यात फ्रेंचसोबत काही भाग लक्झेंबर्गिशचा होता.

त्या १९९३च्या गाण्याचा विसावा क्रमांक आला. पूर्व युरोपातले नवे देश आत येत होते, तळाच्या देशांनी एक वर्ष बाहेर थांबायचं असा नियम होता. लक्झेंबर्ग बाहेर थांबला आणि एकतीस वर्षं परतला नाही. कंपनीचं लक्ष तोवर जर्मनीतल्या खासगी दूरचित्रवाणीच्या मोठ्या धंद्याकडे गेलं होतं. स्पर्धेत राहण्यासाठी पैसे घालण्याचं तिला कारण उरलं नाही. पाच विजेतेपदं जर खरोखर देशाच्या काळजात रुजलेली असती, तर तीन दशकं ती अशी बासनात बांधून ठेवता आली असती का? तुलनेला माल्टा घ्या. माल्टाची लोकसंख्या लक्झेंबर्गपेक्षाही कमी. आजवर एकदाही जिंकलेला नाही, दोनदा दुसरा आला एवढंच. पण १९९१पासून त्याने एकही वर्ष चुकवलेलं नाही, कारण तिथे माल्टाची माणसं गातात आणि कोण जाणार यावरून घरोघरी वाद होतात.

२०२४ साली लक्झेंबर्ग परतला. या वेळी परतण्याची रीतच निराळी होती. आधी देशातच निवडस्पर्धा घेतली, एश शहरातल्या बेल्व्हाल भागात, रॉकहाल सभागृहात. पूर्वी तिथे पोलादाचा कारखाना होता. बंद पडलेल्या झोतभट्ट्या आजही तिथे तशाच उभ्या आहेत. देशाशी ठोस नातं असलेल्या गायकांसाठीच ही स्पर्धा होती. निवडून आली ताली. तिचा जन्म जेरुसलेमचा. काही वर्षं दक्षिण अमेरिकेत काढून लहानपणी ती लक्झेंबर्गला आली आणि तिथेच वाढली.

इथे कुणी मला अडवेल. फ्रान्स गाल बाहेरची म्हणून नको, मग ताली कशी चालते? प्रश्न रास्त आहे आणि माझ्या म्हणण्याचा गाभाही तोच आहे. लक्झेंबर्गच्या रहिवाशांपैकी जवळजवळ निम्मे परदेशी नागरिक आहेत, त्यांत पोर्तुगीज सर्वांत जास्त. माझी नात त्या निम्म्यांतली. ती मराठी घरात बोलते, शाळेत बालवर्गात लक्झेंबर्गिश शिकली, वाचायला जर्मनमध्ये शिकते आहे आणि खेळाच्या मैदानावर पोर्तुगीज शिव्यासुद्धा तिला येतात. जन्म कुठे झाला यावर कुणी लक्झेंबर्गचं ठरत नाही. तिथल्या बसने शाळेत गेलेलं असावं लागतं. फ्रान्स गाल नेपल्सला जिंकली आणि पॅरिसला परतली. ताली माल्मोच्या स्पर्धेत गायली ती ज्या देशात लहानाची मोठी झाली त्याच्याच नावाने.

त्या मे महिन्यात आम्ही तिकडेच होतो. अंतिम फेरीच्या रात्री वरच्या मजल्यावरच्या पोर्तुगीज कुटुंबातली दोन मुलं आमच्याकडे येऊन बसली, कारण त्यांच्याकडचा टीव्ही बापाने फुटबॉलसाठी अडवला होता. माझ्या पत्नीने त्यांना चिवडा दिला. तालीचं नाव पुकारलं तेव्हा ती दोघं आणि माझी नात सोफ्यावर उभी राहून ‘लेत्सेबुएर्ग, लेत्सेबुएर्ग’ ओरडत होती, म्हणजे देशाचं त्यांच्या भाषेतलं नाव. परीक्षकांचे गुण बऱ्यापैकी आले, प्रेक्षकांचे फारच थोडे. शेवटी एकशे तीन गुण, तेरावा क्रमांक. पोरांना तेराव्या क्रमांकाचं काहीच वाईट वाटलं नाही. सोमवारी ट्रामच्या थांब्यावर दोन म्हाताऱ्या बायका तालीच्या पोशाखाबद्दल हिरीरीने बोलत होत्या, एक तिच्या बाजूची, एक विरोधातली. माझी लक्झेंबर्गिश तोडकीमोडकी, तरी विषय कळला. १९७३च्या विजयानंतरच्या सकाळी आन-मारी दाविदबद्दल असं कुणी भांडलं असेल का, मला शंका आहे.

२०२५ला लॉरा थॉर्न गेली. ती लक्झेंबर्गचीच. तिचं गाणं साठ वर्षांपूर्वीच्या फ्रान्स गालच्या गाण्याला दिलेलं उत्तर होतं. गेन्सबूरच्या गाण्यात दुसऱ्यांनी घडवलेली, दुसऱ्यांचं गाणारी एक बाहुली आहे. लॉराची बाहुली दोर तोडते. बाझलला तिचा बाविसावा क्रमांक आला. कल्पना मला मनापासून आवडली. लक्झेंबर्गच्या इतिहासाला ती अगदी चपखल बसते.

पण इथेच माझी तक्रारही आहे. बाहुलीने दोर तोडल्याचं ते गाणं लिहिलं आणि रचलं ते फ्रेंच माणसांनी. तालीच्या गाण्यातही फ्रेंच आणि इटालियन गीतकार-संगीतकारांचा हात होता. तालीने फ्रेंच आणि इंग्रजीत गायलं, लॉराने फ्रेंचमध्ये. गायिका घरची झाली, हे मोठं पाऊल. लेखणी मात्र अजून भाड्यानेच येते, आणि भाषा तर दारातच उभी आहे. फ्रेंच ही त्या देशाचीही भाषा आहे, हे मला मान्य आहे. तरी १९६०च्या त्या एका गुणाची भीती अजून निवड करणाऱ्यांच्या मनातून गेलेली नाही, असा माझा समज आहे.

त्या भीतीला आज आधार उरलेला नाही. २००७ला सर्बिया सर्बियनमध्ये गाऊन जिंकला. २०१७ला पोर्तुगालने पन्नासहून अधिक वर्षं वाट पाहून पहिलं विजेतेपद मिळवलं ते पोर्तुगीजमध्ये, साल्व्हादोर सोब्रालच्या आवाजात, त्याच्या बहिणीने लिहिलेल्या गाण्याने. मंचावर ना नर्तक ना आतषबाजी, एकटा माणूस हात हलवत गात होता. २०२२ला युक्रेन युक्रेनियनमध्ये जिंकला. या भाषा युरोपातल्या बहुसंख्य प्रेक्षकांना कळत नाहीत. तरी त्यांनी मतं दिली.

लक्झेंबर्गच्या निवडस्पर्धेत म्हणून एक साधी अट घालावी, असं मला वाटतं. अंतिम फेरीला जी गाणी येतील त्यांतली निदान दोन लक्झेंबर्गिशमध्ये असावीत, आणि ती लिहिणारे देशात राहणारे असावेत, मग त्यांची आडनावं पोर्तुगीज असोत, इटालियन असोत की मराठी. एशच्या संगीतशाळेत आणि बालवर्गांत आज जी पोरं ही भाषा बोलत वाढताहेत, त्यांना त्या भाषेत गाणं लिहिण्याचं एक कारण मिळेल. लोकांनी त्यांना निवडलं नाही तर नाही. पण निवडीसाठी ती समोर तरी यावीत. आणि लक्झेंबर्गच्या प्रसारण संस्थेने तिच्या संग्रहात १९६०चं फेल्गेनचं लंडनमधलं गाणं असेल तर ते पुढच्या निवडस्पर्धेच्या रात्री, विजेत्यांच्या जुन्या चित्रफिती दाखवतात त्यांच्याही आधी, पूर्ण दाखवावं.